ओरखड्यापलीकडची गल्ली

यंदा पौषात हुरडा खायला म्हणून सास्तूरला गेले. नव्या गावातून शेताकडं जाणारी वाट जिथं उतरते, तिथं ज्वारीत काहीतरी लकाकलं. मग जरा डावीकडं पुन्हा. मग एकदम चार-पाच ठिकाणी. कणसं नुकती भरायला लागलेली, पाखरांचा नुसता कालवा, आणि त्या कालव्यावरून कुणी आरशाचे कवडसे फिरवत बसावं तसा प्रकार चालला होता. जवळ गेले तर काठ्या रोवून त्यांना सुतळी ओढलेली, आणि सुतळीला जुन्या सीड्या बांधलेल्या. वारा आला की त्या गरकन फिरायच्या, ऊन पकडायच्या आणि सोडून द्यायच्या.

एक हाताशी आली ती धरली. वरच्या बाजूची मार्करची अक्षरं पावसानं आणि उन्हानं फिकी झालेली. तरी 'ग' ओळखू आला. पोटात गाठ मारल्यासारखा तो 'ग' फक्त आमचे नानाच काढायचे. 'गया – लग्न – पूर्ण'. 'पूर्ण'खाली दोन रेघा.

ज्वारी गयाकाकूंचीच होती.

मी तिथंच बांधावर बसले. हातातली सीडी उलटी केली आणि नकळत बोटं जुन्या सवयीनं बसली. पहिलं बोट मधल्या भोकात, अंगठा कडेला, आणि मधल्या चकाकत्या भागाला स्पर्श म्हणून नाही. 'चांदीला हात लावायचा न्हाय,' नाना सांगायचे. आता माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही. गावात शोधून एखादं चालू यंत्र सापडेल असंही वाटत नाही. पण ती निळसर हिरवी बाजू, तिच्यावर तेलाच्या थेंबासारखे सरकणारे रंग बघितले आणि एक वास आला. खरा नव्हता, आठवणीतला होता. तापलेल्या प्लास्टिकचा, उदबत्तीचा आणि शेजारच्या पोत्यांतल्या करडईचा, असा मिळून एकच वास.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. शेती करायचे आणि जगातलं कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी हायस्कुलात असताना त्यांनी सोलापूरहून कॉम्प्युटर आणला. जीपच्या मागच्या सीटवर, दोन वाकळांत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसा. "कशाला आणलाय?" असं आजूबाजूच्यांनी विचारलं तर म्हणाले, "बघू तरी काय असतंय." एवढंच कारण. पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं गेलं, काकीनं जुन्या इरकलीचा झाकणा शिवला, आणि आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यांशेजारी तो बसला. खोलीत जायचं तर चपला बाहेर काढून.

त्याच्यासोबत सीड्या लिहिणारं एक यंत्र होतं आणि उमरग्याच्या एका दुकानदारानं दिलेली एक सीडी होती. तिच्यात म्हणे दुसऱ्या सीड्यांची नक्कल करायचं सॉफ्टवेअर होतं. नानांचं इंग्रजी सहीपुरतं, माझं शाळेपुरतं. मी पडद्यावरचे शब्द वाचायचे आणि डिक्शनरीत बघून अर्थ सांगायचे. सोर्स म्हणजे उगम. डेस्टिनेशन म्हणजे मुक्काम. 'बर्न' शब्द आला तेव्हा मी पुन्हा पुन्हा डिक्शनरी बघितली.

"नाना, जाळणे असं दिलंय."

"जाळणे?"

"हां. सीडी जाळायची का, असं विचारतंय."

नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "जाळ म्हण त्याला. बघू तरी."

आतून गिरणीचा पट्टा सुरू व्हावा तशी घरघर उठली, पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायला लागली, आणि आम्ही दोघं जळका वास येतोय का म्हणून यंत्राजवळ नाक नेऊन बसलो. पट्टी भरली. खण जिभेसारखा बाहेर आला. सीडी आहे तशीच होती, फक्त कोमट होती. मी ती गालाला लावून बघितली. नुकत्या उतरवलेल्या भाकरीची कड असते ना, तितपतच ऊब. आत एक अख्खा मारामारीचा सिनेमा उतरला होता, आणि तिच्या अंगावर खूण म्हणून काय, तर पोटाचा रंग जरासा गडद झालेला.

त्या वर्षी मला सीड्यांचं वेडच लागलं. गावातली माणसं सिनेमाच्या, भारुडाच्या, लग्नाच्या सीड्या घेऊन यायची. "नाना, ह्याच्यावानी दुसरी करून द्या की." कुणाची जत्रेतून आणलेली, कुणाची पुण्याच्या भावानं पाठवलेली. नाना कोरी सीडी घालायचे आणि मी पट्टीकडं बघत बसायचे. एवढ्याशा ताटलीत माणसं कशी मावतात, ती कुठल्या बाजूनं आत जातात, घोडा आधी जातो की त्याच्यावरचा माणूस, असले प्रश्न मी नानांना विचारायचे. नाना त्या प्रश्नांना हसायचे नाहीत. त्यांनाही ते पडलेलेच असायचे.

पण मला खरा प्रश्न दुसराच होता आणि तो घरात कुणाला विचारायची सोय नव्हती.

माझा जन्म त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा. पत्र्याच्या शेडमधला. शेडमधून आम्ही नव्या गावात आलो तेव्हा मी लहान होते, त्यामुळं माझं गाव म्हणजे हेच. सरळ रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, आणि 'कुठल्या लायनीत राहता' असं विचारायची पद्धत. जुनं गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणजे त्याची जागा होती. त्यावर बाभळी माजलेल्या. आम्हा पोरांना तिकडं जायची बंदी. घरात जुन्या गावाचं नाव निघालं की कुणीतरी उठून कामाला लागायचं. आई चुलीकडं जायची, वडील जनावरांकडं. कुणी रागवायचं नाही, रडायचंही नाही. नुसतं उठायचं. त्यामुळं माझ्या मनात ते गाव म्हणजे नुसती उठून गेलेल्या माणसांची रिकामी जागा होती. गल्ल्या कशा होत्या, दारं कुठल्या रंगाची होती, सकाळी आवाज कसले यायचे, काहीच ठाऊक नव्हतं.

गयाकाकू आमच्याच लायनीत राहायच्या. एकट्या. शाळेत खिचडी शिजवायच्या आणि उरलेल्या वेळात शेत बघायच्या. शाळेत आम्ही ताटल्या घेऊन रांगेत उभं राहिलो की माझ्या ताटलीत खालची खरपुडी मुद्दाम घालायच्या. त्यांचं लग्न जुन्या गावात झालेलं. लग्नानंतर दोन पावसाळे झाले आणि भूकंप आला. काकू त्या दिवशी माहेरी, जळकोटला होत्या. नवरा, सासू, सासरे सास्तूरला होते. याहून जास्त मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एका दुपारी त्या नानांकडं आल्या. पदराखालून त्यांनी एक सीडी काढली, जरीच्या खणात गुंडाळलेली.

"नाना, ही माझ्या लग्नाची. दुसरी हाय ती, शेवटची. घास भरवायच्या टायमाला अडकायलीय. पुढं जाईनाच. नवी करून देता का?"

"देतो की वहिनी. जाळून देतो."

काकूंनी सीडी झटक्यात मागं घेतली. "अवो, जाळू नगा बाबा! माझ्यापाशी तेवढंच हाय."

मग मी त्यांना समजावलं की जाळायची म्हणजे जाळायची नाही, तसं नुसतं म्हणतात. त्यांना काही ते पटलं नाही. पण खोलीच्या दारात चपला काढून त्या आत आल्या आणि पोत्यावर बसल्या.

त्या लग्नाची मूळ कॅसेट काकूंच्या मामांनी काढवलेली. भूकंपाच्या दिवशी ती काकूंसोबत जळकोटला होती, माहेरच्यांना दाखवायला नेलेली, म्हणून वाचली. पुढं तिला बुरशी धरायला लागली तेव्हा भावानं स्टुडिओत नेऊन तिच्या दोन सीड्या करून आणल्या. कॅसेट मग गेलीच.

नानांनी सीडी खिडकीपाशी उजेडात धरली. ओरखडा दिसत होता, नखानं ओढल्यासारखा, गोलाईनं गेलेला. त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं ती आतून बाहेर, आतून बाहेर अशी पुसली. मग थांबले. पुन्हा उजेडात तिरकी केली.

"हे बघ गं," त्यांनी मला बोलावलं. "लिहिलेला भाग गडद असतोय, कोरा फिक्का. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"ओरखडा हितं हाय. आन् गडद कुठवर गेलंय?"

मी बघितलं. गडद निळ्याची कड ओरखड्यापाशी संपत नव्हती. बोटाच्या पेराएवढं अंतर ती आणखी बाहेर गेली होती, आणि तिथून पुढं कोरं होतं.

"वहिनी," नानांनी विचारलं, "घास भरवल्यावर काय होतं कॅसेटीत?"

"काय न्हाय. 'शुभ विवाह' अशी अक्षरं येत व्हती, फुलं पडत व्हती. मग उठायचे सगळे."

"उठल्यावर कॅसेट चालूच राहत व्हती का?"

"काय ठाव," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी बघितलंय?"

तिघंही त्या निळ्या कडेकडं बघत राहिलो. तिथं काहीतरी होतं. ते कधीच कुणी बघितलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेला पट्टी निम्म्याच्या पुढं गेली आणि लाईट गेली. त्या दिवसांत लाईट असण्यापेक्षा नसण्याचंच वेळापत्रक पाठ असायचं, पण ती वेळापत्रकाच्याही आधी गेली. पडदा एका ठिपक्यात मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सॉफ्टवेअरला अर्धवट काम आवडायचं नाही, ते सगळं फेकून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. तिसऱ्या दिवशी नानांनी ट्रॅक्टरची बॅटरी उतरवली, लाऊडस्पीकरवाल्याकडून इन्व्हर्टर आणला आणि वायरी जोडत अंगणात बसले. काकू शाळेची भांडी आवरून, हात पदराला पुसत आल्या. आत आम्ही दोघीच.

पट्टी अगदी हळू सरकत होती. मी वेग मुद्दाम कमी ठेवला होता. काकू पडद्याकडं न बघता यंत्राच्या घरघरीकडं कान देऊन बसल्या होत्या.

"तुला एक इचारू का?" त्या म्हणाल्या. "ह्यात आवाज बी उतरतो का?"

"उतरतो की काकू. गाणी येतील सगळी."

"गाणी न्हाय गं." त्यांनी दाराकडं एकदा बघितलं. "त्या शूटिंगवाल्यानं समद्यावर सिनेमाची गाणी टाकलीत. हळदीवर गाणं, वरातीवर गाणं. ह्यांनी नाव घेतलं व्हतं माझं, मांडवात. ओठ हालतेत, दिसतंय. पण वर बाई गायलीय. लई डाव कान लावला म्या, न्हाय येत ऐकू." त्या थांबल्या. "फोटो हाय माझ्याकडं. चेहरा काय इसरत न्हाय. पर आवाज सापडंना मला. पयलं सापडायचा. आता डोळं मिटलं तरी कुणाचा तरी भलत्याचाच येतोय."

माझं वय असं होतं की अशा वेळी पडद्याकडं बघणं सोपं जायचं. आणि नेमकी तेव्हाच पट्टी थांबली. आतल्या यंत्राची घरघर चढली, उतरली, पुन्हा चढली, चढावर बैल अडावेत तशी. एक चौकोन उघडला.

वाचता येत नाही, असं तो सांगत होता. खाली तीन शब्द. एकाचा अर्थ पुन्हा प्रयत्न, एकाचा काम बंद करणे. तिसरा 'इग्नोर'. मी डिक्शनरी काढली.

"दुर्लक्ष करणे," मी वाचलं.

तोवर नाना आत आले होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न हेच दाबलं. यंत्र पुन्हा धडपडलं, पुन्हा चौकोन. पुन्हा दाबलं. किती वेळा कोण जाणे. बाहेर बॅटरी कितपत टिकेल याचा भरवसा नव्हता.

"वहिनी," नाना शेवटी म्हणाले, "दुर्लक्ष कर म्हणलं तर एवढा तुकडा सोडून पुढं जाईल ते. पण तेवढं जाईल. घास भरवायचं, आन् त्याच्या मागचं थोडं."

"न्हाय, काय सुटाय नगं," काकू पटकन म्हणाल्या.

"मग तिथंच थांबंल ते."

काकूंनी जरीचा खण हातात घेतला, त्याच्या घड्या केल्या, उलगडल्या. बाहेर एक शेळी ओरडली. मला आठवतं, मी मनातल्या मनात म्हणत होते, सोडा, सोडा, पुढं काय आहे बघू. मला तेव्हा फक्त पुढचं हवं होतं. काकूंना काय सोडावं लागत होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

"कुठं दाबायचं?" काकूंनी विचारलं.

मी माऊस त्यांच्या हाताखाली दिला. त्यांचा हात पिठानं, राखेनं खरबरीत झालेला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते यंत्र धरलं होतं. बाण भरकटत, अडखळत त्या शब्दावर गेला.

"सोड," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, की यंत्राला, की आणखी कुणाला, माहीत नाही. आणि त्यांनी बोट दाबलं.

यंत्र कण्हलं. मग एकदम सैल झालं आणि पट्टी चालू लागली. नव्या सीडीवर सगळं लिहून झालं तेव्हा ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं होतं. यंत्राचा खण बाहेर आला. नानांनी ती कोमट सीडी पहिल्यांदा काकूंच्या हातात दिली. काकूंनी दोन्ही तळव्यांत धरली आणि दचकून म्हणाल्या, "अगं बाई, जिती हाय!"

आम्ही ती तशीच पुन्हा आत घातली.

मांडव, अक्षता, बदामाच्या आकारात कापलेले नवरा-नवरीचे चेहरे, वरून पडणारी खोटी फुलं. घास भरवायला हात वर झाले आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, रंग फाटले, गाणं तुटलं. तेवढा घास गेला तो गेलाच. मग 'शुभ विवाह'. मग काळं.

काळं बराच वेळ. नाना म्हणाले, "न्हाय वाटतं काही."

आणि मग उजेड आला. एकदम उघडा, दुपारचा. गाणं नव्हतं. शूटिंगवाला बहुतेक कॅमेरा बंद करायला विसरला होता आणि तो कमरेला लटकावून चालत होता, कारण सगळं तिरकं होतं आणि हेलकावे खात होतं. धुळीची वाट. दगडामातीच्या भिंती, वर माळवदं, माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या. एक निळं दार, अर्धंच. ओट्यावर एक म्हातारा पाय सोडून बसलेला, त्याचे फक्त पाय. आणि आवाज. कुणीतरी उखळात काहीतरी कांडत होतं. पारवे घुमत होते. लांबून एक बाई कुणाला तरी हाक मारत होती, नाव नीट कळत नव्हतं, पण हाक लांबवायची ती तऱ्हा अगदी आईची होती, आमच्या घरातली होती. हे गाव होतं. मी ज्यात जन्मले नाही ते.

तेवढ्यात अगदी कॅमेऱ्याजवळून एक आवाज आला.

"ओ भाऊ, हिकडून चला की. तिकडं ऊन हाय."

आणि एक छोटं हसू. कॅमेरा वळला, भिंतीच्या सावलीत आला. समोर गल्ली उजवीकडं वळत होती, वळणावर कडुलिंबाचं झाड. कॅमेरा वळणाशी पोचला, लिंबाच्या बुंध्यापाशी हेलकावला, आणि पडदा निळा झाला. संपलं.

नानांनी न सांगता पुन्हा लावलं. ओ भाऊ, हिकडून चला की. पुन्हा. काकू पदर तोंडाशी धरून, मान तिरकी करून ऐकत होत्या, दाण्यातला खडा शोधतात तशा.

"ह्यांचाच," त्या म्हणाल्या. मग जराशा हसल्या आणि त्यांचे डोळे भरले. "म्या जाड समजत व्हते गं. इतकी वर्सं जाड आवाज शोधायले. बारीक हाय की. पोरगंच व्हतं ते. मिसरूड बी नीट फुटली नव्हती."

त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं नाही. सीडी खणात गुंडाळून, चपला घालून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं रांग लागली. काकूंनी कुणाला तरी सांगितलं असावं, किंवा नानांनी. जुन्या गावाची माणसं येऊन पोत्यांवर, खाली, दारात बसायची आणि म्हणायची, "ते गाण्याचं नगं, ते शेवटचं लावा." नानांनी चित्र थांबवायचं बटण शोधून काढलं होतं. निळं दार थांबायचं आणि खोलीत वाद सुरू व्हायचा. हे अमक्याचं. न्हाय, त्यांचं हिरवं व्हतं. अरे, पोळ्याला रंगवलं की त्यानं. ओट्यावरच्या पायांवरून माणूस ओळखला गेला. टाचेला भेग कशी आहे बघा, ते आमचे अप्पाच. त्या पायांचा नातू जवळ जाऊन पडद्याला हात लावून आला. जी माणसं जुन्या गावाचं नाव निघालं की उठायची, ती बसून राहत होती. एके दुपारी माझी आईसुद्धा आली. ती सबंध गल्ली तिनं बघितली आणि मिरच्या दिसल्यावर म्हणाली, "ह्या माझ्या." मग माझ्याकडं बघून, जरा लाजल्यासारखी, "माळवद आपलं व्हतं ते." त्या दिवशी ती उठून चुलीकडं गेली नाही.

ज्याला त्याला सीडी हवी होती. नाना जाळत राहिले, आपल्या गाठीच्या 'ग'नं नावं टाकत राहिले. मी प्रत्येक वेळी ती गल्ली चालायचे. पायाखालचा धोंडा कुठं आहे, सावली कुठं सुरू होते, सगळं मला पाठ झालं. आणि प्रत्येक वेळी वळणाशी येऊन थांबायचे. "वळणाच्या पुढं काय होतं?" मी सगळ्यांना विचारायचे. कुणी म्हणालं लोहाराचा भाता. कुणी म्हणालं दर्गा. कुणी म्हणालं, काही नाही, उकिरडा होता. एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही. काकूंना मी विचारलं तेव्हा त्या नुसत्या, "बघू कधीतरी," म्हणाल्या.

मग माझं शिक्षण, लातूर, पुणे, नोकरी. सीड्या कधी संपल्या ते कळलंही नाही. आधी पेनड्राइव्ह आले, मग मोबाइल. नाना आता मुलाकडं लातूरला असतात आणि फोनवर यंत्रं दुरुस्त करायचे व्हिडिओ बघतात. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. काकीनं शिवलेला झाकणा मात्र मिक्सरवर आहे.

ज्वारीतून खसफस झाली आणि गयाकाकू आल्या. केस पांढरे झालेले, चाल तीच. हातात विळा, डोक्याला टॉवेल.

"कवा आलीस? आन् बांधावर कामून बसलीस?"

मी हातातली सीडी दाखवली. "काकू, ही तुमची लग्नाची. पाखरांना लावली?"

"मग काय करू? चालत न्हाय आता कशात. पाखरं तरी भेतेत." त्यांनी सुतळीची गाठ चाचपून घट्ट केली. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्या जवळ येऊन बसल्या. "आवाजाचं म्हणायलीस व्हय? तो येतोय गं ऐकू. बारीकच येतोय. आता भलत्याचा येत न्हाय."

हुरडा भाजायला अजून वेळ होता. मी त्यांना विचारलं, जुन्या गावठाणात येता का माझ्यासोबत. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. त्यांनी विळा कमरेला खोचला आणि उठल्या.

बाभळीतून वाट काढत गेलो. दगडांचे ढीग, त्यांवर गवत, मधूनच एखादी उभी राहिलेली अर्धी भिंत. थोडा वेळ मला काहीच कळेना. मग पायाखाली एक रुंद, मधे झिजलेला धोंडा लागला आणि सगळं एकदम जागेवर बसलं. "इथं सावली सुरू होते," मी म्हणाले. "हे निळं दार. ह्या बाजूला आमचं माळवद. आता उजवीकडं वळण."

काकू थांबून माझ्याकडं बघत होत्या. "तू कधी चाललीस गं ह्या गल्लीतनं?"

लिंब होता. खोड जाड झालेलं, पण होता. त्याच्यापाशी दोघी उभ्या राहिलो.

"आता सांगा काकू. पुढं काय होतं?"

"मला काय ठाव?" काकू म्हणाल्या. "नवी नवरी व्हते मी. घरातनं लिंबापस्तोर यायचं, सासूनं भरून आणलेली पाण्याची घागर घ्यायची, माघारी जायचं. सासू म्हणायची, वळणाच्या पुढं काय काम हाय तुझं? म्या बी न्हाय बघितलं कधी." त्यांनी विळा काढला. "चल. बघू तरी."

त्यांनी वेड्या बाभळीच्या फांद्या छाटल्या, राहिलेल्या फांद्या हातानं बाजूला धरल्या आणि मला आधी जाऊ दिलं. पलीकडं लोहाराचा भाता नव्हता, दर्गाही नव्हता. निदान आता तरी काही दिसत नव्हतं. गवत होतं, आणि गवतात दगडी काठाचा एक लहानसा आड. काठावर दोरानं पाडलेल्या खाचा. काकूंनी त्यांवरून बोट फिरवलं, एका खाचेतून दुसऱ्या खाचेत. मग एक खडा उचलला, आडावर वाकल्या आणि सोडला.

दोघी कान देऊन उभ्या राहिलो. काहीच नाही. आणखी काहीच नाही. मग खूप खालून, डुबुक.

"अगं," काकू माझा दंड धरून म्हणाल्या, "पाणी हाय की गं!"